एसीच्या रिमोटवर न दिसणारा आकडा

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की एसीचं तापमान 20 ते 28 अंशांच्या मर्यादेत बांधून टाकण्याचा सरकारचा विचार आहे. झालं! आमच्या पैशांची वीज, आम्ही 16 वर लावू नाहीतर 30 वर, तुम्हाला काय करायचंय, असा एक सूर निघाला. एवढ्यातेवढ्या अंशांनी खरंच काही फरक पडतो का, असा दुसरा. पहिला प्रश्न राजकारणाचा आहे, तो चहाच्या टपरीवर सोडून देतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र एसीच्या पोटात आहे आणि ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

गंमत अशी की वाद चालला होता रिमोटवरच्या आकड्याचा. पण वीज किती जळणार हे ठरवणारा आणखी एक आकडा असतो, आणि तो ना रिमोटवर दिसतो ना बिलावर. एसीच्या आतल्या गार कॉइलचं तापमान. फ्रीज, बर्फाचा कारखाना, द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज, दूधसंघाचा कूलर, सगळीकडे हाच आकडा पडद्यामागून कारभार चालवतो.

गारवा बनत नाही, उष्णता उपसली जाते

आपण म्हणतो एसी गार हवा 'सोडतो'. खरं तर एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. बाहेरच्या युनिटसमोर उभं राहा, गरम झोत अंगावर येईल. तीच तुमच्या खोलीतली उष्णता, वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची भर.

उष्णता आपली आपण गरम जागेकडून गार जागेकडे जाते, पाणी उताराने जातं तशी. आपल्याला नेमकं उलट हवं असतं. खोलीत 25 अंश, बाहेर 38, आणि उष्णता न्यायची आतून बाहेर. म्हणजे चढावर. पाणी चढावर न्यायला पंप लागतो, तसा इथे कॉम्प्रेसर. विहिरीचा हा दाखला पुढे बराच उपयोगी पडणार आहे, तेवढा लक्षात असू द्या.

उष्णता वाहून नेणारा हमाल म्हणजे आपण ज्याला 'गॅस' म्हणतो तो. नव्या घरगुती एसींमध्ये बहुतेक वेळा आर-32 असतो, नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन. आतल्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावल्यावर तेवढीच जागा थंड पडते ना, तसंच. मग कॉम्प्रेसर ती वाफ ओढतो, दाबतो, गरम करतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो. तिथे ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. एका बारीक वाटेतून जाताना तिचा दाब एकदम उतरतो, आणि ती परत आतल्या कॉइलमध्ये उकळायला हजर. हे चक्र अखंड चालू.

आतलं कॉइल म्हणजे इव्हॅपोरेटर, बाहेरचं कंडेन्सर. मी त्यांना गार कॉइल आणि गरम कॉइल एवढंच म्हणणार आहे.

दहा अंशांना उकळणं?

इथे पुष्कळांचं गाडं अडतं. उकळणं म्हणजे गरम, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण द्रव कितीला उकळेल ते त्याच्यावरच्या दाबावर अवलंबून असतं. महाबळेश्वर साधारण 1350 मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढवला की तेच पाणी 120 च्या आसपास उकळतं आणि डाळ पटकन शिजते.

आर-32 हा मुळात उकळायला भलताच उतावीळ. उघड्यावर, हवेच्या साध्या दाबाला, तो उणे 51-52 अंशांनाच उकळतो. त्याला 10 अंशांना उकळायला लावायचं तर सुमारे 11 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या 11 पट दाबाखाली ठेवावं लागतं. दाब उतरवला की उकळण्याचं तापमानही उतरतं. म्हणून अनुभवी मेकॅनिक थर्मामीटर काढत नाही, आधी दाब मोजणारं गेज लावतो. जुन्या आर-22 च्या एसीला 'सक्शन (म्हणजे कॉम्प्रेसर वाफ ओढतो त्या बाजूचा दाब) पासष्ट-सत्तर हवं' असं म्हणायचे, ते त्याचसाठी. पीएसआय या दाबाच्या मापात तेवढा दाब असला की तो गॅस 4-5 अंशांना उकळतो. दाब वाचला की गार कॉइलचं तापमान कळलंच.

मग ते कॉइल खोलीपेक्षा किती गार हवं?

गार कॉइल खोलीपेक्षा गार असेल तरच उष्णता त्याच्याकडे येईल. खोली 24 ला आणि कॉइलही 24 ला, तर व्यवहारच होणार नाही. म्हणून घरगुती एसीत हे कॉइल साधारण 7 ते 12 अंशांच्या टप्प्यात चालतं. फ्रीजरच्या आत उणे 18 हवं असेल तर कॉइल उणे 25 च्या आसपास.

हा जो फरक आहे, हवा आणि कॉइल यांच्यातला, तो किती असावा हे कॉइलच्या आकारावर आणि त्यावरून किती हवा फिरते यावर ठरतं. मोठं कॉइल, भरपूर हवा, तर थोड्या फरकातही काम भागतं. छोटं कॉइल, त्यात धुळीने बुजलेला फिल्टर, तर तेवढीच उष्णता उचलायला कॉइलला जास्त गार व्हावं लागतं. पाच तारे असलेल्या एसीचं आतलं युनिट अनेकदा लांबलचक का असतं, याचं एक उत्तर इथेच मिळतं. जास्तीच्या पैशांत तांब्याची नळी आणि पत्रे जास्त मिळतात, आणि कॉइलला फार खोल उतरावं लागत नाही.

विहीर जितकी खोल

आता विहीर. गार कॉइल म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी, गरम कॉइल म्हणजे वरचा पाट. दोघांमधलं अंतर म्हणजे उपसा किती उंच करायचा ते. पाणी खोल गेलं की प्रत्येक बादलीला जास्त कष्ट.

एक युनिट वीज घालून खोलीतून किती युनिट उष्णता उचलली गेली, याला सीओपी म्हणतात. आपण 'परतावा' म्हणू. या परताव्याची वरची हद्द निसर्गानेच आखून दिलेली आहे. कितीही हुशार इंजिनिअर आणा, ती ओलांडता येत नाही. हिशेब सोपा आहे. गार कॉइलच्या तापमानात 273 मिळवा आणि दोन कॉइलांमधल्या फरकाने भागा.

गरम कॉइल 50 अंशांना आणि गार कॉइल 10 ला असेल, तर 283 भागिले 40, म्हणजे 7.1. गार कॉइल 5 ला उतरवलं तर 278 भागिले 45, म्हणजे 6.2. पाच अंशांत परतावा जवळपास 13 टक्के घसरला. प्रत्यक्षातलं यंत्र या हद्दीच्या बरंच खाली चालतं, पण घसरण साधारण याच प्रमाणात होते. म्हणून या धंद्यातले लोक ढोबळ मानाने धरून चालतात की गार कॉइल एक अंश खाली गेलं की परतावा 2 ते 4 टक्के जातो.

'मग गरम कॉइल थंड ठेवलं तरी तेच झालं की!' बरोबर, त्यानेही फायदा होतो. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी, फ्रीज भिंतीला चिकटवू नये, हे सगळं त्याचसाठी. पण गार बाजूचा एक अंश हा गरम बाजूच्या एका अंशापेक्षा थोडा जास्तच महाग पडतो. आणि त्याला आणखी एक शेपूट आहे, जे पाठ्यपुस्तकाबाहेर फारसं कुणी सांगत नाही.

मोट अर्धीच भरते

खोल विहिरीचा पहिला तोटा म्हणजे बादलीमागे कष्ट जास्त. दुसरा तोटा, बादलीच पूर्ण भरत नाही.

कॉम्प्रेसर दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाची वाफ ओढतो. मोटेचं कातडं केवढं ते ठरलेलं, तसं. पण गार कॉइल जितकं थंड, तितका आतला दाब कमी, आणि तितकी वाफ विरळ. जुन्या फ्रीजमध्ये आणि गाड्यांच्या एसीत वापरला जाणारा आर-134ए घ्या. शून्य अंशांना उकळला की त्याच्या एका घनमीटर वाफेत साधारण 14.4 किलो माल असतो. उणे 20 ला उकळवला की तेवढ्याच घनमीटरात जेमतेम 6.8 किलो. मोट तेवढीच, फेऱ्या तेवढ्याच, माल निम्म्याहून कमी.

याच गॅसचा पूर्ण हिशेब मांडून पाहू. गरम कॉइल 40 अंशांना धरू. गार कॉइल शून्याला असताना प्रत्येक किलो गॅस सुमारे 142 किलोज्यूल उष्णता उचलतो, आणि त्याला वर ढकलायला, कॉम्प्रेसर अगदी आदर्श मानला तर, सुमारे 26 किलोज्यूल लागतात. परतावा साडेपाच. गार कॉइल उणे 20 ला नेलं की किलोमागे 130 किलोज्यूल उचलले जातात, खर्च 42 चा. परतावा तीनाच्या जरासा वर. किलोमागची उचल फारशी बदललेली नाही, 142 ची 130 झाली एवढंच. पण किलोच निम्मे झाले! दोन्ही मिळून त्याच कॉम्प्रेसरची गार करण्याची ताकद 57 टक्क्यांनी घटली.

म्हणून एसीचा कॉम्प्रेसर डीप फ्रीजरला जोडून 'जुगाड' करणाऱ्यांची फजिती होते. दीड टनाचा कॉम्प्रेसर 7-10 अंशांच्या कॉइलवर दीड टनाचा असतो. उणे 25 वर तो दीड टनाचा राहत नाही. (टन म्हणजे वजन नव्हे, बरं का. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल तितकी उचलण्याची क्षमता, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या लाद्या विकल्या जायच्या त्या काळातलं हे माप अजून चिकटून आहे.)

यात तिसरंही एक दुखणं लपलेलं आहे. वाफ जितक्या कमी दाबावरून वर ढकलायची, तितकी ती कॉम्प्रेसरमधून जास्त तापून बाहेर पडते, आणि कॉम्प्रेसरमधलं वंगणाचं तेल जळायला लागतं. अमोनियावर चालणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये उणे 30 च्या खोल्यांसाठी एका दमात न दाबता दोन टप्प्यांत दाबतात, ते यामुळेच. खोल विहिरीतून अर्ध्या वाटेवरच्या हौदात पाणी चढवायचं, तिथून पुढे दुसरा पंप.

'पण अँपिअर तर कमी दिसतायत!'

ही तक्रार नेहमीची, आणि खरीसुद्धा. गार कॉइल थंड होत गेलं की कॉम्प्रेसर बऱ्याचदा कमी करंट घेतो. वरच्याच उदाहरणात उणे 20 वर कॉम्प्रेसरची वीज शून्य अंशांच्या तुलनेत जवळपास पावपट कमी होते. अर्धवट भरलेली मोट ओढायला बैलांना हलकीच वाटणार.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर कमी अँपिअर घेते आणि पाटाला पाणीही कमी येतं. पंप कोरडा पडला की करंट एवढा उतरतो की त्यावरूनच स्टार्टरमधलं संरक्षण मोटर बंद पाडतं. कमी अँपिअर बघून कुणी शेतकरी 'वा, वीज वाचली' म्हणत नाही. एसीच्या बाबतीत आपण सर्रास म्हणतो.

आमच्याकडेच घडलेली गोष्ट. एसीखाली बसलं तरी घाम जाईना. बोलावलेल्या मेकॅनिकने क्लॅम्प मीटर लावला, करंट कमी दिसला, आणि निदान ठोकलं, 'गॅस संपलाय.' गॅस काही पेट्रोल नाही की चालवून संपावा. नळी फुटल्याशिवाय तो जात नाही. तरी भरून घेतला, पैसे मोजले. चार दिवसांनी परत तेच. मग बायकोने फिल्टर काढून नळाखाली धरला, तर त्यातून गोधडीएवढी धूळ निघाली. हवा जात नव्हती, कॉइल गारठून बर्फ धरत होतं, वाफ विरळ होत होती, करंट त्यामुळेच कमी. थर्मोडायनॅमिक्स शिकलेला माणूस घरात असून ही अवस्था! मेकॅनिकला दोष देताना तेवढा मलाही द्यायला हवा.

गॅस खरोखर गळाला असेल तरीही दाब कमी आणि करंट कमीच दिसतो, म्हणून फसगत होते. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे गेज लावायच्या आधी फिल्टर धुणे.

'18 वर लावलं की खोली लवकर गार होते ना?'

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत अजिबात नाही. त्याच्या कॉम्प्रेसरला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. खोली 34 वर असताना तुम्ही 18 लावा नाहीतर 24, तो तेवढ्याच ताकदीने धावतो. 24 आलं की एक थांबतो, दुसरा पुढे धावत राहतो, एवढाच फरक. रिक्षावाल्याला पत्ता लांबचा सांगितला म्हणून रिक्षा जोरात पळत नाही. इन्व्हर्टर एसीतही सुरुवातीला, खोली तापलेली असताना, तो बहुधा जोरातच असतो.

पण 18 लावल्यावर पुढे जे होतं ते पाहण्यासारखं आहे. खोली तापलेली असताना कॉइलवर गरम हवा येते, म्हणून कॉइलही तुलनेने कोमट, वाफ दाट, यंत्र ताकदवान. खोली गार होत जाते तशी कॉइलवर येणारी हवा गार, कॉइल आणखी गार, वाफ आणखी विरळ, यंत्राची ताकद उतरलेली. आणि नेमकं तेव्हाच बाहेरून आत शिरणारी उष्णता वाढलेली, कारण आत-बाहेरचं अंतर वाढलं. म्हणजे 30 वरून 29 वर यायला जेवढं लागतं, त्याहून 20 वरून 19 वर यायला कितीतरी जास्त लागतं. वरच्या मजल्यावरच्या, दुपारभर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत 18 कधी येतच नाही. कॉम्प्रेसर रात्रभर धावतो आणि सकाळी पांघरूण मात्र लागलेलं असतं.

इन्व्हर्टरची खरी करामत उलट टोकाला आहे. खोली हव्या त्या तापमानाच्या जवळ आली की तो कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो. वाफेचा ओघ निम्मा झाला, पण कॉइल तेवढंच मोठं. थोड्या कामाला भलं मोठं कॉइल मिळाल्यावर त्याला फार गार व्हायची गरजच उरत नाही, ते वर चढतं, बाहेरचं कॉइल थोडं उतरतं, आणि उपसा कमी होतो. विहिरीचं पाणी वर आल्यासारखं. म्हणून इन्व्हर्टर एसी 25-26 वर रमतगमत चालू द्यावा. 18 लावून त्याला सतत धावायला लावलं की त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे पाण्यात जातात.

एका अंशाचे 6 टक्के येतात कुठून?

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही वीजबचतीचं काम बघणारी सरकारी संस्था सांगते की रिमोटवर एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून नवे स्टार-लेबलवाले घरगुती एसी चालू करताच 24 दाखवतात, तो नियमही याच विचारातला. पण आत्ताच मी म्हटलं की कॉइलच्या एका अंशाला 2 ते 4 टक्के. मग बाकीचे?

बाकीचे भिंतींतून येतात. बाहेर 36 आणि आत 20 असेल तर अंतर 16 अंशांचं. भिंती, काचा, फटी यांतून शिरणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात असते. आत 21 केलं की अंतर 15, म्हणजे ती उष्णता सोळाव्या हिश्शाने, साधारण 6 टक्क्यांनी कमी. खोलीतली माणसं, टीव्ही, उन्हाचा कवडसा यांची उष्णता मात्र रिमोटला जुमानत नाही, त्यामुळे या 6 पैकी थोडे कापले जातात. मग कॉइलही वर सरकल्याचे 2-3 टक्के परत मिळतात. बेरीज 6 च्या आसपास येते. बाहेरचं हवामान, घराची भिंत, एसीचा आकार यांवर आकडा हलेल, पण थापेबाजी नाही.

'मग कॉइल कोमटच ठेवूया की!'

इथे मुंबईकर आणि कोकणी माणूस हात वर करेल, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. एसीला दोन कामं असतात. हवा गार करणं आणि हवा कोरडी करणं. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला घाम फुटतो तसा गार कॉइलला फुटतो, आणि तेच पाणी पाइपमधून खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीवर ठिबकतं (सोसायटीच्या सभेतला कायमचा विषय). पण बाटली पुरेशी गार असेल तरच घाम फुटतो. कॉइल 18-20 अंशांना चालवलं, तर पावसाळ्यातल्या मुंबईत हवा गार होईल पण दमटपणा फारसा जाणार नाही. अंथरूण ओलसर लागेल, आणि माणूस वैतागून रिमोट आणखी खाली नेईल.

हे पाणी काढायलाही फुकट लागत नाही. एक लिटर पाणी हवेतून काढायचं तर जवळपास 0.68 युनिटइतकी उष्णता उचलावी लागते. दीड टनाच्या एसीतून तासाला दीड लिटर पाणी निघत असेल, तर त्याच्या ताकदीचा पाचवा हिस्सा नुसता वाळवण्यात गेला. नागपूरच्या मे महिन्यातल्या करकरीत कोरड्या हवेत कॉइल थोडं कोमट असलं तरी चालून जातं. तिथे पाणी काढायचं असतंच कुठे?

पंख्याच्या वेगालाही यात हात आहे. एसीचा फॅन जोरात ठेवला की कॉइल वर चढतं, परतावा सुधारतो, पण पाणी कमी निघतं. फॅन हळू केला की कॉइल खाली उतरतं आणि पाणी जास्त निघतं. रिमोटवरचं 'ड्राय' हे बटण साधारण हेच करतं. माझं स्वतःचं गणित असं: उन्हाळ्यात 26, एसीचा फॅन जोरात, वर छताचा पंखा मंद. जुलैत ड्राय.

नाशिकची द्राक्षं, कोकणचा हापूस

घरात हा प्रश्न बिलापुरता. कोल्ड स्टोरेजमध्ये तो मालाच्या जिवावर बेततो.

द्राक्षं शून्य-एक अंशाला ठेवतात. हापूसला तेवढी थंडी सोसत नाही. 12-13 च्या बरंच खाली दिवसेंदिवस ठेवला तर साल काळवंडते आणि नंतर तो नीट पिकत नाही. दोन्ही खोल्यांत कॉइल हवेपेक्षा 6 अंश गार आणि गरम कॉइल 40 ला धरलं, तर हापूसच्या खोलीत कॉइल 7 ला आणि परताव्याची हद्द साडेआठ. द्राक्षांच्या खोलीत कॉइल उणे 6 ला, हद्द 5.8. म्हणजे द्राक्षांकडची तेवढीच उष्णता उपसायला जवळपास दीडपट वीज. यात कुणाचा दोष नाही, द्राक्षांची गरजच तशी.

दोष पुढे सुरू होतो. प्लांट उभारताना पैसे वाचवायला कॉइल लहान घेतलं, तर खोली शून्यावर ठेवण्यासाठी त्याला उणे 10 वर जावं लागतं. हद्द 5.8 वरून 5.3 वर. दहा टक्के वीज जास्त, वर्षानुवर्षं. आणि त्याहून वाईट म्हणजे हवेपेक्षा कॉइल जितकं जास्त गार, तितकं ते हवेतलं पाणी जास्त ओढून घेतं. द्राक्षांना 90-95 टक्के आर्द्रता हवी असते. ती मिळाली नाही की आधी देठ सुकतात, तपकिरी होतात. मणी अजून चांगले असले तरी देठ बघून परदेशातला खरेदीदार माल उतरवताना नाक मुरडतो. वजनातली घट वेगळीच. काटकसर केली तांब्या-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत, भरपाई द्यावी लागली देठांत.

फ्रीजरमधला बर्फाचा डोंगर

जुन्या पद्धतीच्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या भिंतींवर बर्फ साचतो. जितका बर्फ जास्त तितका फ्रीज चांगला, असं समजणारी आजी बहुतेक घरांत होऊन गेली. प्रत्यक्षात ते भुसभुशीत, हवा भरलेलं हिम म्हणजे कॉइलवर टाकलेली रजई. आत उष्णता पोचत नाही, म्हणून कॉइल आणखी गारठतं. उणे 25 वर भागत होतं तिथे उणे 30 वर गेलं, की परतावा 8-9 टक्के घसरतो, आणि वाफही सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ होते. फ्रीज दिवसभर घरघरत राहतो आणि खालच्या कप्प्यातलं दूध तरी नासतं. हिम अर्धा सेंटिमीटर जाड झालं की डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं.

दाबायचं म्हणजे दाबायचंच, सुरीने खरवडायचं नाही. आयसोब्युटेन हवेच्या साध्या दाबाला उणे 12 च्या आसपास उकळतो. त्याला उणे 25 ला उकळायला लावायचं तर दाब हवेपेक्षाही कमी, तिच्या साधारण सहा दशांश, ठेवावा लागतो. त्यामुळे फ्रीज चालू असताना सुरीचं टोक त्या नळीत गेलं की गॅस लगेच फसकन बाहेर येईलच असं नाही. बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते आणि ओल आत गोठून बारीक वाट बुजते. फ्रीज बंद पडून आतला दाब चढला की मग गॅस बाहेर. तो जेमतेम 50 ग्रॅमच्या आसपास असतो, पण स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या भाऊबंदांपैकी, म्हणजे पेट घेणारा.

घरच्या घरी तपासायचं असेल तर

गेज लागत नाही. साधा थर्मामीटर आधी एसीत शिरणाऱ्या हवेत, म्हणजे वरच्या जाळीपाशी धरा, मग बाहेर पडणाऱ्या झोतात. पंधरा मिनिटं जोरात चाललेल्या एसीत दोहोंत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक असायला हवा. फरक भरपूर पण झोत क्षीण असेल, तर हवा अडतेय आणि कॉइल नको तितकं गारठलंय, फिल्टर बघा. फरकच नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसर. मग बाहेरच्या युनिटकडे जाणारी जाड नळी हाताने चाचपा. ती गार आणि घामेजलेली असली की ठीक. तिच्यावर पांढरं हिम धरलं असेल तर एसी बंद करा, ते वितळू द्या, आणि मेकॅनिकला फोन लावायच्या आधी फिल्टर नळाखाली धरा.